शब्दचर्चा: जर्मन ट्रॉलर नौदलाने ‘जप्त’ केला की ‘अधिग्रहित’?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या ‘क्रेब्स’ या जर्मन ट्रॉलरवरच्या (जाळे ओढून मासे पकडणाऱ्या बोटीवरच्या) मजकुराचे भाषांतर चालू आहे. ‘नौदलाने ट्रॉलर जप्त केला’ हे बरोबर वाटते का? आणि ‘फोरपोस्टेनबोट’ला (नौदलाने गस्तीवर ठेवलेल्या अशा बोटीला) मराठीत काय म्हणावे?

उत्तर १: ‘जप्त’ नको. जप्तीमागे कर्ज, गुन्हा किंवा दंड असतो. इथे नौदलाने स्वतःच्याच देशातल्या मालकांकडून बोटी युद्धापुरत्या वापरायला घेतल्या. त्याला आपल्याकडे रुळलेला शब्द आहे: अधिग्रहण. टंचाईत तहसीलदार खाजगी विहीर अधिग्रहित करतात, तेव्हा विहीर मालकाचीच राहते, पाणी गावाला जाते, मालकाला मोबदला मिळतो. ‘संपादन’ वेगळे, त्यात मालकी बदलते (भूसंपादन).

‘क्रेब्स’च्या बाबतीत हा फरक पाळलाच पाहिजे, कारण तिच्यावर दोनदा ताबा आला. आधी जर्मन नौदलाने अधिग्रहित केली. मग ४ मार्च १९४१ रोजी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी ब्रिटिश विनाशिका ‘सोमाली’ने तोफा डागून तिला निकामी केले आणि ब्रिटिश खलाशी तिच्यावर चढले. एनिग्मा हे जर्मनांचे गुप्तलिपीचे यंत्र समुद्रात टाकलेले होते, पण पेटीतली त्याची सुटी चक्रे आणि फेब्रुवारीच्या सांकेतिक किल्ल्यांचे (यंत्र कसे लावायचे त्याचे) कागद हाती लागले. ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तलिपी-उकल केंद्राला फेब्रुवारीचे संदेश त्यावरून वाचता आले. हा दुसरा ताबा म्हणजे ‘काबीज’. दोन्हीकडे ‘ताब्यात घेतली’ लिहिलेत तर कोणी, कोणाकडून, हेच वाचकाला कळणार नाही.

उत्तर २: ‘फोर’ पुढे, ‘पोस्टेन’ चौकी. ‘गस्तीनौका’ चालेल, पण त्यात ‘पुढची चौकी’ हा अर्थ निसटतो. मी ‘चौकीनौका’ म्हणेन. मजकुरात अशा बोटींचे क्रमांक आले तर तेही उलगडून सांगा: उदाहरणार्थ, व्ही ११०२ म्हणजे ११व्या तुकडीतली दुसरी बोट. हा ‘व्ही’ जर्मनमध्ये ‘फाउ’ असा उच्चारतात.

‘ट्रॉलर’ तसाच ठेवलात तर वाचकाला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला डिझेल ट्रॉलर दिसेल. जर्मन शब्द ‘फिशडाम्फर’, त्यातला ‘डाम्फर’ म्हणजे आपली आगबोट. ‘मच्छीमार आगबोट’ म्हटले की कोळसा, बॉयलर आणि दुरून दिसणारा धूर आपोआप येतो. तो धूर आणि जेमतेम १० नॉटचा वेग, या दोन गोष्टी चौकीनौकेला महागात पडत. पण जड जाळे ओढायची विंच (दोर गुंडाळायचे यंत्र) समुद्रातले सुरुंग काढायच्या दोरांनाही चालत असे आणि उत्तर समुद्रासाठी बांधलेला बळकट सांगाडा तोफेचा धक्का सोसत असे. म्हणून तर नौदलाला याच बोटी हव्या होत्या.

उत्तर १: अजून एक, नावाबद्दल. ‘क्रेब्स’ म्हणजे खेकड्यासारखा कवचवाला प्राणी. जर्मनमध्ये राशीला आणि रोगालाही तोच शब्द आहे, जसे आपल्याकडे कर्क रास आणि कर्करोग. मात्र ‘क्रेब्स’ आणि ‘कर्क’ यांचे मूळ एकच असे लिहू नका. ‘क्रेब्स’ इंग्रजी ‘क्रॅब’च्या घराण्यातला आहे. भाषांतरात नाव ‘क्रेब्स’च ठेवा, अर्थ एकदा कंसात द्या.