‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ : ‘प्रशासक म्हणून’ की ‘प्रशासकाच्या अधिकाराने’?

प्रश्न (सातारा) : संगणक वर्गासाठी मराठी सूचनापत्रक करायचं आहे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये प्रोग्रामवर राइट क्लिक केलं की ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसतं. त्याला ‘प्रशासक म्हणून चालवा’ लिहावं का? आणि लिनक्सच्या ‘रूट’ला (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला) ‘मूळ वापरकर्ता’ चालेल का?

सांगली : ‘प्रशासक’ चुकीचा नाही, पण आपल्याकडे त्याला आधीच एक अर्थ चिकटलाय. संचालक मंडळ बरखास्त झालं की बँकेवर, साखर कारखान्यावर ‘प्रशासक बसतो’; जुन्यांचा कारभार संपतो. इथे खुर्चीवर तुम्हीच असता. एका प्रोग्रामपुरता वरचा अधिकार मिळतो आणि प्रोग्राम बंद केला की तो संपतो.

खरी अडचण ‘म्हणून’ची आहे. सरकारी पत्राखाली ‘जिल्हाधिकारी, सातारा करिता’ अशी सही असते, तेव्हा सही करणारा जिल्हाधिकारी होत नाही. ‘प्रशासकाच्या अधिकाराने चालवा’ लिहा. थोडं लांब आहे, पण अर्थ नेमका बसतो.

कराड : ‘मूळ’ नकोच. लिनक्समध्ये रूट म्हणजे 0 क्रमांकाचा वापरकर्ता, सगळ्यांच्या वरचं फोल्डर म्हणजेही रूट, आणि त्या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरचं नावही रूटच. ‘मूळमध्ये जा’ म्हटलं तर शिकणारा नेमका कुठे जाणार? सर्वांत वरच्या फोल्डरला ‘मूळ फोल्डर’ म्हणा, वापरकर्त्याला ‘रूट’च राहू द्या. बोलतानाही सगळे ‘रूटने उघड’ असंच म्हणतात, आणि ती तृतीया अगदी बरोबर आहे.

मिरज : समजावताना ‘मुखत्यार’ वापरून बघा. अखत्यार आणि मुखत्यार एकाच अरबी धातूचे, ‘निवडणे’ या अर्थाच्या. जमिनीच्या व्यवहारात एका कामापुरतं खास मुखत्यारपत्र असतं आणि सगळ्या व्यवहारांसाठी कुलमुखत्यारपत्र. लिनक्समध्ये आज्ञेआधी ‘सुडो’ (‘ही रूटच्या अधिकाराने चालव’ असं सांगणारा शब्द) लावून एक आज्ञा चालवणं हे पहिलं. अख्खा फाइल मॅनेजर रूटने उघडणं हे दुसरं, कारण त्या खिडकीतून डबल क्लिकने सुरू झालेला प्रत्येक प्रोग्राम रूटच्याच अधिकाराने चालतो.

नुकसान असं होतं : ‘सुडो नॉटिलस’ करून (नॉटिलस हा लिनक्समधला एक फाइल मॅनेजर) स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये फाइल बनवली की ती रूटच्या मालकीची होते. दुसऱ्या दिवशी साध्या खिडकीतून ती उघडते, पण सेव्ह होत नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ ही आज्ञा दिल्यावर तिसऱ्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ दिसेल. ‘सुडो चाउन’, पुढे तुमचं नाव, पुढे फाइलचं नाव, एवढ्याने मालकी परत येते. ही आज्ञा ‘-आर’ जोडून (म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींसकट) मूळ फोल्डरवर मात्र कधीच चालवू नका. सिस्टिमच्या फाइलींचीही मालकी बदलते आणि खुद्द सुडोच चालेनासा होतो.

त्यापेक्षा नॉटिलसमध्ये कंट्रोल-एल दाबून पत्त्याच्या जागी ‘ॲडमिन’, अपूर्णविराम आणि तीन तिरक्या रेघा टाका (टाकताना अक्षरं अर्थातच इंग्रजी). पासवर्ड विचारला जातो. खिडकी तुमचीच राहते, फक्त फाइलींची कामं रूटच्या अधिकाराने होतात.

सातारा (दुसरे) : अधिकार एकाचा, हात दुसऱ्याचा, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. बाजीरावांच्या शिक्क्यात ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आधी, ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ नंतर. सुडोची नोंदही तशीच असते : आज्ञा कोणी दिली ते नाव, आणि ‘यूजर’पुढे ‘रूट’. दोन्ही नावं राहतात. थेट रूटने लॉगिन केलं तर आज्ञा देणाऱ्याचं नाव नोंदीतून जातं, म्हणून तर ‘म्हणून’ नको.

सांगली : विंडोजबद्दल दोन गोष्टी पत्रकात हव्यातच. ‘या प्रोग्रामला वरचा अधिकार द्यायचा का’ असं विचारणारी परवानगीची चौकट विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून आहे. प्रशासक खात्यात नुसतं ‘हो’ दाबायचं, साध्या खात्यात प्रशासकाचा पासवर्ड लागतो. दुसरं, नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडलं की एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्यात टाकता येत नाही. माउस बिघडलेला नसतो. कमी अधिकाराच्या खिडकीने जास्त अधिकाराच्या खिडकीत काही ढकलू नये म्हणून विंडोजच ते अडवतं. नोटपॅडच्या फाइल मेनूतून ‘ओपन’ करायचं.

प्रश्नकर्ता (सातारा) : मग ओळ अशी ठेवतोय : ‘चिन्हावर राइट क्लिक करा, ढालीचं चित्र असलेली ओळ निवडा, प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने सुरू होईल.’ ‘मुखत्यारपत्र’ फळ्यावर सांगेन, पत्रकात नाही.

मिरज : चालेल. फक्त ‘प्रोग्राम’च्या आधी ‘हा एकच’ घाला.