मदत हवी आहे: नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर आयसीयूत अधिकार किती मिळतात?

मी सोलापुरात खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर कोर्स करायचाय, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांचे काही निर्णय घ्यायचं शिक्षण देणारा नर्सिंगचा पुढचा कोर्स. दोन वर्षं पूर्णवेळ रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत शिकणं), म्हणजे आत्ताची नोकरी सोडावी लागणार. पुण्यापलीकडे जाणं जमणार नाही. अभ्यासक्रम वाचलाय. मॅट्रन म्हणतात, "साधं एम.एस्सी. कर, शिकवायची नोकरी तरी मिळेल." पण मला पेशंटजवळच राहायचंय. मध्यरात्री बीपी पडलं की ते वर आणणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिन या औषधाचा पंप वाढवायला आजही डॉक्टरांच्या फोनची वाट बघत बसते. फी, प्रवेशाचं नकोय. कोर्स केलेल्यांनी सांगा: लेखी प्रोटोकॉलप्रमाणे डोस स्वतः बदलू देतात का, काही बिनसलं तर पाठीशी कोण असतं, आणि हुद्दा बदलतो की स्टाफ नर्सच?