द्राक्षाच्या माहितीला साधं मार्कडाउन पुरतं का?

दिंडोरीकर (धागाकर्ता): आमच्या बागायतदार गटाची माहितीची पानं दोन वर्षं मार्कडाउनमधे (साध्या मजकुरात तारे वगैरे खुणा घालून पान मांडायची पद्धत) लिहितोय, खरड छाटणी, गोडी छाटणी, डाऊनी, भुरी हे रोग, सगळं. आता माझं ठाम मत झालंय की स्वतःच्या खुणा जोडता येतील अशी भाषा घ्यायला हवी. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून काढणी करायची ही ओळ बाकीच्या मजकुरात हरवून जाते, आणि तीच चुकली की मालात औषधाचा रेसिड्यू (उरलेला अंश) निघतो, एक्सपोर्टचा माल अडकतो. साध्या मार्कडाउनमधे इशाऱ्याची चौकटच नाही हो. ॲस्कीडॉक या तशाच दुसऱ्या भाषेत ती मुळातच आहे.

सातपूरकर: पटलं नाही. जॉन ग्रुबरने २००४ ला मार्कडाउन काढलं तेव्हा मुद्दाच हा होता की फाइल नुसती उघडली तरी माणसाला वाचता यावी. तुम्ही घरच्या खुणा घालणार, त्या फक्त तुमच्याच रेंडररला (खुणांवरून पान दाखवणाऱ्या प्रोग्रामला) कळणार, आणि तो सांभाळणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला की झालं. आमच्याकडे हेच घडलंय, एकाने रेंडररला जोडायचं प्लगइन लिहिलं, तो गेला, दीडेकशे पानं हाताने साफ करत बसलो. चौकट पाहिजे तर एचटीएमएलचा डिव्ह (वेबपानाच्या भाषेतला, भाग वेगळा करणारा टॅग) टाका, मार्कडाउनमधे तो चालतो.

दिंडोरीकर: दादा, ही पानं बागेत उभं राहून मोबाइलवर दुरुस्त करतात लोक. एक डिव्ह बंद करायचा राहिला की खालचं अख्खं पान चौकटीत जातं. त्यापेक्षा चौकटीची आपली खूण म्हणून वर तीन कोलन, खाली तीन कोलन, हे कोणालाही जमतं.

पंचवटीकर: तुम्ही दोघं मराठीचं विसरताय. कॉमनमार्क या प्रकल्पाने २०१४ पासून मार्कडाउनचे नियम नीट लिहून काढले, चांगलंच केलं, पण क्रमांकाच्या यादीला फक्त इंग्रजी आकडे चालतात. १. २. ३. लिहिलं की यादी होतच नाही, ओळी एकाच परिच्छेदात जुळतात. दुसरं म्हणजे "पंचवटी" हा शब्द अवतरणासकट तारे लावून ठळक केला आणि लगेच "त" जोडला तर ठळक होत नाही, तारे तसेच दिसतात, कारण बंद होणाऱ्या ताऱ्यांच्या आधी चिन्ह आणि नंतर अक्षर आलं की नियम त्यांना बंद करणारे धरत नाही. आपले सगळे प्रत्यय असेच चिकटतात! पार्सरला (खुणा ओळखणाऱ्या प्रोग्रामला) हात लावता आला नाही तर हे सुटणार कसं?

सातपूरकर: आकड्यांचं मान्य, कारण रेंडरर नसला तरी १. २. ३. वाचता येतंच. कोलनचंही चालेल एकवेळ, पण कोलनशेजारी "इशारा" हा शब्द लिहिलेला पाहिजे, नुसती खूण नको. ज्या खुणेवाचून मजकूर कळत नाही ती नकोच.

दिंडोरीकर: ही अट घेतो. पण फवारणीच्या तक्त्याचं काय? एकच औषध तीन टप्प्यांना असतं, मार्कडाउनच्या टेबलात सेल जोडता येत नाहीत, ॲस्कीडॉकमधे येतात. तेच नाव तीनदा लिहिलं की लोकांना तीन वेगळ्या फवारण्या वाटतात, मागच्या हंगामात दोघांनी फोन करून विचारलंय. इथे मी माघार घेणार नाही.

सातपूरकर: मग तेवढा तक्ता एचटीएमएलमधे, आणि तो तुम्ही एकट्यानेच सांभाळायचा.