ठासणीची बंदूक आणि कॅनडाची सीमा: नियम शहाणा की आंधळा?

टोरोंटोकर: शिवजयंतीच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतून तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकीची प्रतिकृती आणता येईल का, असं एकाने विचारलं, म्हणून कॅनडाचे नियम वाचले. डोकं चक्रावलं. १८९८ पूर्वीची लांब ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक अँटिक, हे समजू शकतो. पण काल कारखान्यातून निघालेली तोड्याची किंवा चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) लांब बंदूकही अँटिकच! लायसन्स नको, सीमेवर जाहीर केली की झालं. तीच नळी, तीच काळी दारू, तोच गज, पण नवी बंदूक टोपीची असेल, म्हणजे घोडा दणक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर आपटत असेल, तर लायसन्स काढा. परदेशी पाहुण्याने लायसन्सऐवजी २५ डॉलर भरून ६० दिवसांचं घोषणापत्र घ्यायचं. काय अर्थ आहे याला?

दारूगोळा: आहे की. चकमकीला रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, बाहेरच्या वाटीत असतं, पावसाची सर आली की बार फुसका. टोपी आली आणि बंदूक भर पावसात वाजायला लागली. अमेरिकेचा १९६८ चा केंद्रीय कायदा प्रतिकृतीच्या बाबतीत मुख्यतः काडतूस लागतं का हे बघतो, त्यामुळे जुन्या टोपीच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची नवी सहाबारी प्रतिकृतीही तिथे अँटिक. त्यापेक्षा कॅनडाची रेघ बरी.

टोरोंटोकर: रिव्हॉल्व्हर कुठून आलं मध्येच? मी लांब बंदुकीबद्दल बोलतोय. एकबारी टोपीची रायफल ठासायला जवळजवळ तेवढाच वेळ जातो.

सह्यकडा: पिस्तुलाचं बघितलंत का? नवं बनवलेलं चकमकीचं पिस्तूल कॅनडात सरळ हँडगन. २०२२ पासून सामान्य माणसाला त्याची आयात बंद. हे मात्र मला पटतं, कोटाच्या खिशात मावणारी वस्तू आहे ती.

कोकणातला: नशीबवान आहात राव! इथे डुकरं भातात घुसतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना मागत हेलपाटे घालायचे. विनापरवाना ठासणीची सापडली की आर्म्स ॲक्ट, १९५९. कलम ४५ मधली जुन्या हत्याराची सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्याला. आणि प्रदर्शनालाच हवी ना? भारतात बनलेल्या कित्येक प्रतिकृती बत्तीचं भोक (ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत जाते) न पाडताच परदेशी जातात. तसली घ्या, वाद मिटला.

टोरोंटोकर: मग बार कसा काढायचा? मिरवणूक मुकी जायची.

दारूगोळा: आता प्रदर्शनाची मिरवणूक झाली का? बंदूक अँटिक ठरली तरी दारूला तिथला स्फोटकांचा कायदा आहेच. आणि ढोल-ताशा असताना मुकी कशी हो जाईल?