डीव्हीडीचं कपाट रिकामं करू का?

दुपारचा शो

घरात रंगकाम निघालंय आणि माझ्या डीव्हीडी-ब्लू-रेच्या कपाटावर गंडांतर आलंय. खाली उतरवताना मोजल्या, ३१२ भरल्या. मुलगी म्हणते, "बाबा, हे सगळं आता टीव्हीतच असतं, कशाला धूळ साठवताय?"

असतं का खरंच? मागच्या महिन्यात एक जुना कृष्णधवल चित्रपट शनिवारी रात्री अर्धा पाहिला. डोळे मिटायला लागले म्हणून थांबवला. रविवारी लावायला गेलो तर 'हा चित्रपट सध्या उपलब्ध नाही'. गंमत म्हणजे पोस्टरखाली मी कुठवर पाहिलंय ते दाखवणारी रेघ शाबूत होती. सेवा कोणती ते सांगत बसत नाही, करार संपला की सगळीकडे हेच होतं.

स्ट्रीमिंगला माझा विरोध नाही, रोज वापरतो. पण त्याला संग्रह म्हणू नका. जे कुणाला न विचारता पुन्हा लावता येतं, ते आपलं. बाकी सगळं पाहुणं. आता हाणा.

आळशी अजगर

हाणतोच. ३१२ पैकी गेल्या वर्षभरात किती पाहिल्यात? खरा आकडा सांगा, हात राखून नको.

नेटफ्लिक्स मुळात टपालाने डीव्हीडी पाठवणारी कंपनी. १९९८ मध्ये सुरुवात केली, २००७ पासून स्ट्रीमिंग आणलं आणि २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची पाकिटं रवाना करून डीव्हीडीचं खातं मिटवलं. ओप्पोने २०१८ मध्ये डिस्क प्लेअर बनवणं सोडलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे प्लेअर आणणं थांबवलं. ज्यांचं यावर पोट होतं ते उठून गेले, तुम्ही कशाची राखण करताय? तुमचा प्लेअर बिघडला की ती ३१२ खोकी म्हणजे नुसती पोस्टरं.

दुपारचा शो

नऊ पाहिल्या. त्यातल्या दोन तुमचा प्रश्न वाचल्यावर आठवून आठवून मोजल्या.

निळा लेझर

अजगरराव, पुस्तकांच्या कपाटालाही हाच प्रश्न विचारता का?

मालकीचं बाजूला ठेवू, मी चित्राबद्दल बोलतो. स्ट्रीमिंगवर फोरकेसाठी, म्हणजे अगदी बारीक तपशिलाच्या चित्रासाठी, साधारण १५ एमबीपीएसचा (सेकंदाला १५ मेगाबिट) वेग मागतात. आता हिशेब करा. त्या वेगाने दोन तास सलग आलं तर साडेतेरा जीबी. अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या डिस्कवर जागा असते ५०, ६६ किंवा १०० जीबी, आणि वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. दोन्हीवर 'फोरके' हीच पाटी. नव्या कोडेकने (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीने) थोड्या जागेत पुष्कळ बसतं, मान्य. पण जे गाळलं जातं ते कुठलं, हे बघायचं असेल तर अंधारातला प्रसंग लावा. भुयार, हातात टॉर्च, भिंतीवर उजेड विरत विरत काळोखात जातो. डिस्कवर तो खरंच विरतो. स्ट्रीमिंगवर त्याच्या पायऱ्या होतात, एकाभोवती एक करड्या कड्या, आणि टॉर्च हलला की त्या कड्या त्याच्यामागे फरफटत जातात. पाऊस, धूर, उडणारा पाचोळा, फिल्मचा मूळ रवा (चित्रावरचे बारीक कण), सगळ्यांची हीच गत. एकदा दिसलं की दिसतच राहतं, म्हणून आधीच माफी मागतो.

आवाजाचं तर विचारूच नका. स्ट्रीमिंगवरचा डॉल्बी डिजिटल प्लस साधारण ७६८ केबीपीएसपर्यंत, डिस्कवरचा ट्रूएचडी काहीही न गाळता. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ही दोन वाक्यं सोडून द्या.

चष्मेबहाद्दर

मी टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकतो, त्यामुळे सोडली. 🙂

पण लेझरराव, तुम्ही सगळं गुणगान अल्ट्रा एचडीचं केलंत. ती डिस्क आली २०१६ मध्ये. धागाकर्त्यांच्या कपाटात बहुतेक साध्या डीव्हीडी असणार, पैजेवर सांगतो. डीव्हीडी म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके, नाहीतर ७२० बाय ४८०. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते ताणून बसवलं की चेहऱ्यावर मेण ओतल्यासारखं दिसतं. यापुढे कुठलंही बरं स्ट्रीमिंग सरस.

आणि एक गोष्ट संग्राहक मंडळी कधी काढत नाहीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीची (भारत-युरोपातल्या टीव्हीची) डीव्हीडी २५ ने. त्या बसवायला बहुतेकदा अख्खा चित्रपटच चार टक्के जोरात पळवायचे. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. वर्षानुवर्षं नायकाचा आवाज तुम्ही वरच्या पट्टीत ऐकलाय आणि 'मूळ प्रत माझ्याकडे आहे' म्हणून मिरवताय.

दुपारचा शो

पैज जिंकलात. ३१२ पैकी २६० साध्या डीव्हीडी. पाल-बिलचं मात्र खरंच माहीत नव्हतं. आता एका संवादाबद्दल मनात पाल चुकचुकतेय. (माफ करा, राहवलं नाही.)

मध्यंतर

कोटी आवडली नाही, धागा आवडला.

चित्र-आवाजाच्या भांडणात मला रस नाही. माझी भीती वेगळी आहे: चित्रपट जागेवरच असतो आणि आतून बदललेला असतो. १९७१ चा 'द फ्रेंच कनेक्शन' घ्या. २०२३ मध्ये क्रायटेरियन चॅनल या स्ट्रीमिंग सेवेवर पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की वंशद्वेषी शिव्या असलेला एक तुकडा गायब आहे. आधी कुठे सूचना नाही, पाटी नाही. तो तुकडा असावा की नसावा यावर भांडता येईल, पण भांडायला तो आधी दिसायला तरी हवा ना? ज्यांच्याकडे जुनी डिस्क होती त्यांनी ती लावली, म्हणून काय कापलं ते दाखवता आलं.

आणि 'विकत घ्या' या बटणावर विसंबू नका. अल्ट्राव्हायोलेट नावाचं डिजिटल कपाट होतं, मोठ्या स्टुडिओंच्या पाठबळाचं. ३१ जुलै २०१९ ला त्याला टाळं लागलं. ज्यांनी वेळेत आपलं खातं दुसऱ्या दुकानाशी जोडलं होतं त्यांचे चित्रपट बहुतेक तरले. कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून कायदाच लागू केलाय. ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नका. उगाच कुणी कायदा करत नाही.

आळशी अजगर

मध्यंतरताई, मुद्दा बिनतोड. पण डिस्कवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं थोडंच आहे? 'प्रेडेटर' चित्रपटाची २०१० ची ब्लू-रे आठवते का? रवा काढण्याच्या नादात माणसांची कातडी इतकी घासली की सगळे दुकानातल्या पुतळ्यांसारखे दिसायला लागले. तेही 'नवी सुधारित आवृत्ती' म्हणून. लोकांनी विकत घेतली आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. स्ट्रीमिंगवर निदान चूक दुरुस्त करून नवी प्रत चढवता येते. तुमची डिस्क जन्मभर तशीच.

निळा लेझर

'जन्मभर तशीच' हीच तर तिची खुबी! २०१० ची प्रत बिघडवली, पण त्याआधीची ब्लू-रे ज्याने टाकून दिली नाही त्याच्याकडे न घासलेले चेहरे आहेत. स्ट्रीमिंगवर नवी प्रत चढली की जुनी प्रेक्षकाच्या हातून गेलीच. कोणती बरी हे ठरवायला दोन्ही लागतात.

बाकी त्या प्रतीबद्दल सहमत. भयाण आहे.

रिकामटेकडी

जाता जाता, सगळं हार्डडिस्कवर उतरवून घेतलं तर? कपाटही सुटेल.

शंकासुर

त्यासाठी डिस्कवरचं कॉपी-संरक्षण तोडावं लागतं आणि ते बऱ्याच देशांत बेकायदा आहे, तेव्हा तो विषय इथेच थांबवू. संगणकावर अधिकृतपणे लावायचं म्हटलं तरी वैताग आहे. अल्ट्रा एचडी डिस्क चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय लागायची. इंटेलने ती ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे जुन्या संगणकावर चालणारी डिस्क नव्यावर चालत नाही. डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन (कुठल्या देशगटाच्या डिस्क चालतील ते) पाचदा बदलता येतं, त्यानंतर तो कायमचा एकाच रीजनला चिकटतो. 'कुणाला न विचारता' म्हणताय धागाकर्ते, पण ही डिस्क प्रत्येक वेळी प्लेअरला विचारूनच उठते.

आणि कुणीच न काढलेली गोष्ट: डिस्क कुजते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिक चकत्या, मधे ॲल्युमिनियमचा पातळ थर, सगळं गोंदाने चिकटवलेलं. गोंद किंवा कड नीट बसली नसेल तर हवा आणि ओल आत शिरते आणि तो थर गंजतो. वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं की २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी अशाच वेळेआधी खराब होताहेत. वरून एक ओरखडा नसतो, हातात घेतली तर कोरी करकरीत.

दुपारचा शो, कपाटाची बाजू लढवण्याआधी त्या काळातल्या बाहेर काढा. दिव्यासमोर तिरप्या धरा, बारीक भोकं किंवा तपकिरी ढग दिसतो का बघा. डोळ्यांवर भिस्त नको, लावूनही बघा, आणि मध्यापुढे बघा. दोन थरांच्या डीव्हीडीत साधारण मध्यावर लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो, चित्र क्षणभर अडखळतं. दुखणं असेल तर बऱ्याचदा तिथेच उघडं पडतं.

चष्मेबहाद्दर

शंकासुर, नाव सार्थ केलंत.

दुपारचा शो

उशिरा लिहितोय, दोन रात्री त्यातच गेल्या.

२००६ ते २००८ च्या अकरा निघाल्या. नऊ ठणठणीत. एक अडखळते पण रेटत पुढे जाते. अकरावी लावली, एक तास सहा मिनिटांपर्यंत सुरेख. मग नायिका जिना चढायला लागते, चौथ्या पायरीवर तिचा चेहरा चौकोनांत फुटतो आणि प्लेअर आत खडखड करत बसतो. पुसून पाहिली, मऊ कापडाने, मधून कडेकडे. दुसऱ्या प्लेअरवर लावली. तीच पायरी. मग दिव्यासमोर धरली तर कडेला नखाएवढा ढग, चहाच्या डागासारखा. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

अजगरराव, तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगतो, मुलगी लगेच म्हणाली, "आता लावू टीव्हीवर." माझ्याकडच्या तिन्ही सेवांवर तिने तो चित्रपट शोधला, नाव दोन प्रकारे लिहून पाहिलं. एकीवरही नाही. 'यासारखे आणखी' म्हणून चाळीस दाखवले.

रंगारी उद्या त्या भिंतीकडे येतोय. कपाट सरकवून ठेवलंय, रंग वाळला की परत जागेवर. उरलेल्या ३०१ तपासायच्या आहेत, रोज दोन, मध्यापासून पुढे. मुलीने वहीत रकाने आखून दिलेत. एक रकाना 'टीव्हीवर आहे का' असाही आहे, तो ती भरणार.