आजचं चंद्रग्रहण, ७ सप्टेंबर २०२५

बी-७०२: नमस्कार मंडळी. रात्री खग्रास ग्रहण आहे. गच्ची उघडी राहील का? मुलांना दाखवायचंय.

ए-१०३: काकू, मला सातवा महिना. आई म्हणते दुपारपासून खायचं नाही, सुरीला हात लावायचा नाही. गोळ्या तर जेवणानंतरच्या आहेत. काय करू?

सी-५०१: अगं, आधी जेव आणि गोळी घे. वेध दुपारपासून असले तरी लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायकांना पंचांगातच उशिरापासूनचे सांगितलेत. आणि ग्रहणाने बाळाला काही होत नाही, बाई. मला सासूबाईंनी ग्रहणभर पाटावर बसवलं होतं, पाण्याचा घोटही नाही. शेवटी चक्कर आली. माझ्या सुनेला मी तसं बसवलं नाही.

मी स्वतः मात्र पाळते. ९:५७ ला स्पर्श, १:२७ ला मोक्ष. आंघोळ करून जपाला बसेन. काल बाप्पा गेले, मखर अजून रिकामं उभं आहे. उद्या प्रतिपदा, म्हणजे पितृपक्ष लागला. पितर चंद्रलोकी राहतात असं आपण मानतो ना, आणि त्यांचा पंधरवडा सुरू होण्याच्या आदल्या रात्रीच चंद्र झाकोळतोय. यंदा ह्यांचं पहिलंच पान वाढायचंय, म्हणून मला ही रात्र जपातच घालवायची आहे.

गिरगावच्या चाळीत ग्रहण सुटताना खालून हाक यायची, ‘दे दान, सुटे गिराण!’ आई तांदूळ आणि धड कपडे आधीच काढून ठेवायची. ती हाक आता येत नाही. दान तरी राहू दे. वॉचमन आणि सफाईवाल्या ताईंसाठी मी शिधा काढलाय, कुणाला भर घालायची असेल तर सकाळी आणून द्या.

ए-४०४: काकू, मी जप करत नाही, पण शिध्यात माझे पाच किलो तांदूळ धरा. बी-७०२, मुलांना ११ ला वर आणा. ११:०१ ते १२:२३, तब्बल ८२ मिनिटं चंद्र तांबूस दिसेल. पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं. भाद्रपदातले ढग तेवढे बाजूला व्हायला हवेत.

बी-७०२: किल्ली मिळाली. सतरंज्या टाकते.

ए-१०३: काकू, वरणभात जेवले. गोळीही घेतली. आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला.

सी-५०१: शहाणी माझी बाय. वर येणार असलीस तर लिफ्टने ये, खुर्ची ठेवायला सांगते.