मदत हवी आहे: शंभरीतलं घर राहण्यासारखं करायचंय, पण कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण घरात एकमत होत नाहीये आणि काम सुरू करायची वेळ आलीये. आजोबांचं घर आहे, दुमजली, शंभरी ओलांडलेलं. भिंती खाली दगडाच्या, वर विटांच्या, सगळं बांधकाम चुन्यातलं, वरचा मजला लाकडी तुळयांवर. व्हरांड्याला बिडाचे खांब आहेत, जिना वळतो तिथे रंगीत काचांची एक गोल खिडकी आहे, आणि मागे नंतर कुणीतरी स्लॅबचा भाग जोडून त्यात स्वयंपाकघर आणि बाथरूम कोंबलंय. तो मागचा भाग कुणालाच आवडत नाही. बाकीच्या घरावर मात्र सगळ्यांचा जीव आहे आणि भांडणाचं मूळ तेच आहे, कारण प्रत्येकाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलाय.

आधी ओलीचं सांगते. खालच्या खोल्यांना साधारण कमरेपर्यंत ओल आहे. मागे कधीतरी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलेलं आहे, आतून वर ऑइल पेंट, त्याला आता ठिकठिकाणी फुगे आलेत. फुगा बोटाने दाबला की रंगाचा पापुद्रा फुटतो आणि आतून ओलसर भुरभुरीत रेती गळायला लागते, कडेला पांढरा लोणा. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला केमिकल मारू आणि वर वॉटरप्रूफ सिमेंटचा कोट देऊ, मग बघायला नको. दुसरा आला तो म्हणाला की प्लास्टर ठेवताच कशाला, सगळं खरवडून दगड-विटा उघड्या करा, वरून क्लिअर कोट मारा, फोटोत भारी दिसतं. फोटोत दिसत असेल हो, पण आम्हाला तिथे राहायचंय.

मग डिझाइनचा घोळ. दादाचं म्हणणं की मागचा भाग पाडून तिथे हुबेहूब जुन्यासारखंच बांधायचं, त्याच कमानी, तसेच खांब, नवं कुठलं आणि जुनं कुठलं कुणाला कळताच कामा नये. आर्किटेक्टबरोबर एकच मीटिंग झालीये, त्या म्हणतात नक्कल नको, मागे स्टील आणि काचेचा साधा सरळ नवा भाग करू. हे ऐकून आत्याला धडकीच भरली, ती म्हणते एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. गंमत अशी की तिथे कायमची राहणार आहे ती आत्याच, गुडघे दुखतात तिचे, जिना इतका उभा आहे की उतरताना तिला उलटं तोंड करून उतरावं लागतं, आणि त्याच जिन्याला हात लावू द्यायला ती तयार नाही!

अजून एक. माळ्यावर चढून बघितलं तर एका तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे लाकूड मऊ झालंय, स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो. आणि तिथल्या सांध्यांवर छिन्नीने काढलेल्या खुणा आहेत, कुठे एक रेघ, कुठे दोन, कुठे फुली, त्या कसल्या कुणाला माहितीये का?

तर मला विचारायचंय की आधी ओल की आधी डिझाइन, आणि ओलीचं खरंच काय करायचं, तुळई पूर्ण बदलावी लागेल का, आणि दादा बरोबर की आर्किटेक्ट? ज्यांनी असलं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

चुनखडी

ताई, आधी त्या दोन्ही कॉन्ट्रॅक्टरना थांबवा. डिझाइन नंतर.

चुन्याची भिंत पाणी अडवतच नाही, ती पाणी आत घेते आणि वाफेने बाहेर सोडते, तिचं सगळं गणितच त्यावर आहे. तुमच्याकडे वर सिमेंट आणि ऑइल पेंट चढवलाय म्हणजे भिंतीला रेनकोट घातलाय, पण पाणी आतून येतंय. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ते आणखी वर चढतं, जिथे फट मिळेल तिथे सुकतं, आणि सुकताना त्यातले क्षार स्फटिक होऊन फुगतात. तुमच्या बोटावर आलेली ती रेती म्हणजे आतल्या जुन्या चुन्याचा क्षारांनी केलेला भुगा. त्यावर अजून एक वॉटरप्रूफ कोट मारला तर खाली दिसणारी ओल वरच्या मजल्याकडे सरकेल, एवढंच होईल.

पहिलं काम भिंतीला हात न लावता करायचं. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि पाणी कुठे जातं ते बघा. पन्हळ तुंबलीये का, पाइप भिंतीच्या पायाशीच सुटतोय का, आणि मुख्य म्हणजे बाहेरची जमीन वर आलीये का. वर्षानुवर्षं फरशीवर फरशी टाकून अंगण आतल्या जोत्याच्या बरोबरीला येतं, मग ओल नाही येणार तर काय. बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली हवी. निम्म्या घरांची ओल एवढ्यावरच आटोक्यात येते असं माझं मत आहे.

मग सिमेंट काढायचं. हातोडी-छिन्नीने, सावकाश, ब्रेकर लावू देऊ नका. जिथे सिमेंटबरोबर विटेचा चेहरा निघून यायला लागेल तिथे थांबा आणि तेवढं राहू द्या. त्यानंतर भिंत सुकू द्यायची, आणि इथे सगळ्यांचा धीर सुटतो. जुना ठोकताळा आहे की एक इंच जाडीला एक महिना, म्हणजे दीड फुटाची भिंत असेल तर दीड वर्ष धरा. म्हणून म्हणतोय ओल आधी, तोवर डिझाइनवर निवांत भांडता येईल.

शेवटी चुन्याचाच गिलावा, एक भाग चुना तीन भाग चरबरीत धुतलेली वाळू असं साधारण प्रमाण, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्याला थोडा ओलावा लागतो, त्यामुळे उन्हात तडकाफडकी सुकवायचा नाही, ओलं गोणपाट लावून ठेवायचं. वर चुन्याचा रंग किंवा सिलिकेट पेंट, म्हणजे भिंतीची वाफ बाहेर जाऊ देणारा रंग. प्लास्टिक पेंट, ऑइल पेंट पुन्हा नाही म्हणजे नाही. आणि दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरताना एक नियम: मसाला विटेपेक्षा मऊ हवा. झिजायचं तर मसाल्याने झिजावं, तो परत भरता येतो, वीट परत येत नाही.

बिनधास्त_बोल

एवढा व्याप करण्यापेक्षा पाडून नवीन बांधा की. हवं तर समोरची बाजू जुन्यासारखी करून घ्या. कमी डोकेदुखी.

अर्धीभिंत

@बिनधास्त_बोल, त्यांनी पाडू का असं विचारलेलंच नाहीये.

खरवडायच्या मुद्द्यावर चुनखडी काही बोलले नाहीत म्हणून मी बोलते. हा वाद फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चचं 'रिस्टोरेशन' करताना आतला गिलावा सर्रास खरवडून दगड उघडे करायची टूम निघाली होती, तिला वैतागून विल्यम मॉरिस हा डिझायनर-लेखक आणि मंडळींनी 1877 मध्ये सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज काढली, तिचं टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली, असं पडलं. जी भिंत गिलावा करायचा म्हणून बांधलेली असते तिचे दगड ओबडधोबड, विटा साध्या, दरजा कशाही भरलेल्या असतात, गिलावा हाच तिचा खरा चेहरा आणि पावसापासूनचं संरक्षण. तो काढून वर क्लिअर कोट म्हणजे परत तोच सिमेंटवाला प्रकार, फक्त पारदर्शक.

आता दादा विरुद्ध आर्किटेक्ट. 1964 च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, लिहिलंय की हरवलेल्या भागाच्या जागी जे नवं येईल ते एकूण वास्तूशी जुळणारं हवं, पण मूळ भागापेक्षा वेगळं ओळखू यायला हवं. ते स्मारकांसाठी आहे, तुमच्या घराला बंधनकारक नाही, पण विचार चांगला आहे. आणि 'वेगळं ओळखू येणं' म्हणजे काच आणि स्टीलच पाहिजे असं अजिबात नाही, हल्ली आर्किटेक्ट मंडळींना दुसरं काही सुचतच नाही. बर्लिनचं नॉयेस म्युझियम बघा. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेलं, डेव्हिड चिपरफील्ड या आर्किटेक्टने दुरुस्त केलं, 2009 मध्ये पुन्हा उघडलं. पडलेल्या भिंती त्याने जुन्या विटा परत वापरून बांधल्या, पण नक्षीकाम वगैरे काही नाही, साध्या. मधला मोठा जिना नव्याने काँक्रीटमध्ये केला, आकार आणि जागा जुन्याचीच, दागिने नाहीत. लांबून सगळं एक वाटतं, जवळ गेलं की कळतं. दादांना मागचा भाग जुन्याच्या नात्यातला हवाय आणि आर्किटेक्टना खोटेपणा नकोय, तर विटा तशाच, उंची आणि खिडक्यांचं प्रमाण तेच, पण कमानी आणि बिडाचे खांब नाहीत, असं काही दोघांपुढे ठेवून बघा.

घराचंच उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमधलं अ‍ॅस्टली कॅसल. 1978 मध्ये आगीत जळून नुसत्या भिंती उरल्या होत्या, त्या पडक्या भिंतींच्या आतच नव्या विटांचं घर बसवलं आणि 2013 चं स्टर्लिंग प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं आर्किटेक्चरचं मोठं बक्षीस, त्याला मिळालं. निजायच्या खोल्या खाली आणि बसायची जागा वर असा उलटा प्लॅन आहे. तुमच्या आत्याबाईंची खोली खालीच येईल असा प्लॅन आधी बघा, मग अर्धं भांडण मिटेल.

आणि आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. पॅरिसमध्ये 1928 ते 1932 दरम्यान पिएर शारो या डिझायनरने मेझाँ द वेर हे काचेचं घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांचा मजला तसाच वर ठेवून, खाली स्टीलचे खांब देऊन, बाकीची जुनी इमारत काढली आणि नवं घर खालून आत घातलं. आजही तो जुना मजला वर दिसतो. तेव्हा हट्टी माणूस घरात असणं काही वाईट नाही, डिझाइन सुधारतं.

रंधा

त्या खुणा सुतारांच्या आहेत. असे सांगाडे आधी जमिनीवर जुळवून बघायचे, कुठलं कुसू कुठल्या भोकात ते छिन्नीने नोंदवायचं, मग सुटं करून वर चढवायचं. एक रेघेचं लाकूड एक रेघेच्या सांध्यात. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे कारण खिळ्यांऐवजी खुंट्यांनी जोडलेलं असणार, म्हणजे गरज पडली तर सुटं करून परत जोडता येतं. त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि कुणी पॉलिश मारायच्या नादात त्या घासून काढणार नाही एवढं बघा.

तुळई पूर्ण बदलू नका. टोकच कुजतं कारण ते ओल्या भिंतीत कोंडलेलं असतं. कुजलेलं कापून, चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे जाऊन, त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडतात, भार जास्त असेल तर स्टीलच्या पट्ट्या आणि बोल्ट. किती कापायचं हे नजरेने ठरवू नका, मॉइश्चर मीटर लावा, 20 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर तिथे बुरशीला पोषक परिस्थिती आहे असं समजा. आणि काम झाल्यावर गवंडी ते टोक सिमेंटने गच्च बुजवून टाकतो, हमखास. बुजवू देऊ नका, भोवती हवा खेळायला जागा सोडायला सांगा. त्याआधी खालून टेकू, आणि टेकू कुठे किती ते स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, असा इंजिनिअर शोधा ज्याने जुन्या लाकडाचं काम केलंय, नाहीतर तो सवयीने आरसीसीच सांगणार.

जिन्याला हात लावू नका, आत्याबाई बरोबर आहेत. दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवा, भिंतीत कमीत कमी भोकं पाडून, उद्या काढता येईल असा. आरामाचा नवा जिना मागच्या नव्या भागात घ्या. जुने रंग काढायचे असतील तर कोरडं सँडपेपर मारू नका, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ घातक.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दादाला म्युझियमच्या त्या जिन्याचे फोटो दाखवले, पहिल्यांदाच 'नको' ऐवजी 'बघू' म्हणाला. आत्याला पॅरिसच्या बाई फारच आवडल्या.

बाहेरची फरशी बघितली. एका बाजूला आतल्या जमिनीच्या जवळपास बरोबरीला आहे, आणि पाइप बरोबर त्याच कोपऱ्यात सुटतो. दोन्ही कॉन्ट्रॅक्टरना नाही सांगितलं.

आता एक शेवटची शंका. गोल खिडकीच्या वर भिंतीत तिरकी चीर आहे, नखभर रुंद असेल. खिडकी काढून ठेवून चीर भरून घेऊ का?

चुनखडी

खिडकी काढू नका आणि चीर भरूही नका, निदान आत्ता. आधी ती चालू आहे की जुनी थांबलेली आहे ते कळायला हवं. चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवा आणि त्यांच्यातलं अंतर कॅलिपरने मोजून तारखेसकट लिहून ठेवा, दर महिन्याला. निदान एक वर्ष, कारण ऋतूप्रमाणे चीर थोडी उघडते आणि मिटते, दोन-तीन महिन्यांच्या आकड्यांवरून घाबरायचं नाही. वर्षाने आकडा होता तिथे परत आला तर चुन्याने भरून मोकळे व्हा. वाढतच गेला तर तो पायाचा प्रश्न असू शकतो, तेव्हा वही घेऊन इंजिनिअरकडे जा. तुमचा तो पाण्याचा कोपरा खिडकीच्या बरोबर खाली आहे का? असेल तर पाइप याच आठवड्यात लांब न्या, बाकी कशाचीही वाट बघू नका.